हौदातलं गाणं

घर बांधताना सत्यमने अंगणातला हौद मोठा करून घेतला, तेव्हा गवंडीसुद्धा हसला होता. शहराच्या कडेला, देवळाईच्या त्या नव्या प्लॉटिंगमध्ये धड रस्ता नव्हता, दिवे नव्हते, आणि नळाची लाईन अजून कागदावरही नीट उतरली नव्हती. पण प्लॉट विकणाऱ्याने 'वर्षभरात पाणी' असं छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि स्वतःचं घर बांधायला निघालेल्या माणसाला असली वाक्यं खरी वाटतात. हौद झाला. आत माणूस उभा राहील एवढा खोल, वर लोखंडी झाकण, उतरायला लोखंडी शिडी. बोअरच्या पाण्यावर तो काही पावसाळे अर्धामुर्धा भरला. मग दुष्काळाची वर्षं लागली, बोअरने राम म्हटला, आणि पाणी टँकरने यायला लागलं, तेही घरटी एक ड्रम. ड्रमभर पाणी हौदात ओतून कोण काय करणार? हौद कोरडा पडला आणि त्यात पाली राहायला आल्या.

त्या हौदात रेकॉर्डिंग स्टुडिओ करायचा, असं सत्यमने जाहीर केलं तेव्हा नोकरी गेल्यामुळे नवऱ्याचं डोकं फिरलं असंच मोनिकाला वाटलं. शेंद्र्याच्या एका कारखान्यात तो कंत्राटावर मशीन चालवायचा. मंदी आली आणि कंत्राटी पोरांना गेटवरूनच परत पाठवलं. त्याच्याआधी लग्नसराईत तो एका ऑर्केस्ट्राच्या साऊंडवर बसायचा. मोनिकाला त्याने पहिल्यांदा ऐकलं ते तिथूनच, वैजापूरकडच्या एका खेड्यात, तिच्या चुलतबहिणीच्या हळदीत. ऑर्केस्ट्राच्या गायिकेला ऊन लागलं, बायकांनी मोनिकाला पुढे ढकललं, ती गायला लागली आणि सत्यम बटणं फिरवायची विसरून तिच्याकडे बघत राहिला. पुढे मागणी घालायला आला तेव्हा देण्याघेण्याचा त्याने चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाला, "हिचं गाणं मी एक दिवस भोंग्यावर वाजवीन. गावभर ऐकू जाईल असं."

लग्नाला वर्षं झाली, ते गाणं काही वाजलं नाही. पण मोनिका विसरली नव्हती. तिने स्वतः जुळवलेलं एक गाणं तिच्याकडे होतं, आणि ते एकदा, निदान एकदा तरी, चारचौघांनी थांबून ऐकावं एवढीच तिची हाव होती. दागिना, साडी, फिरायला नेणं, असलं काही तिने मागितलं नाही. शहाणी बाई असती तर दागिना मागितला असता, तो निदान गहाण तरी पडला असता.

हौदाचा शोध तसा योगायोगाचा. घराला खोल्या दोन. एका भिंतीपलीकडे पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला बांधकामावर दिवसभर फरशी कापायचं मशीन, मागे बायपासचे ट्रक. त्या वर्षांत शहराला वाढीचं खूळ लागलं होतं. प्यायला थेंब नव्हता आणि इमारती मात्र उठत होत्या, त्यांच्या सिमेंटला पाणी कुठून येतं हे कोणी विचारत नव्हतं. एका दुपारी हौदात पडलेली चप्पल काढायला सत्यम खाली उतरला. आत कुत्रं पडेल म्हणून त्याच्या आईने, द्वारकाबाईंनी, न बघताच झाकण सरकवलं. दुसरा कोणी असता तर आतून ओरडला असता, सत्यम ओरडला नाही. थोड्या वेळाने त्याने स्वतःच झाकण ढकललं आणि घामाने थबथबलेलं तोंड बाहेर काढून म्हणाला, "मोनिका, इथं काहीच ऐकू येत नाय. गिरणी नाय, ट्रक नाय. काहीच नाय."

मग सामान जमायला लागलं. मोटारसायकल गेली आणि तिच्या जागी बंद पडलेल्या सायबर कॅफेतला कॉम्प्युटर आला. माईक त्याच ऑर्केस्ट्राचा, जाळीला एका बाजूने पोचा आलेला. हेडफोन शहागंजच्या जुन्या बाजारातून आणला, त्याचा डावा कान मुका होता. माईकचा स्टँड परवडेना, तर भंगारवाल्याकडून दवाखान्यातला सलाईनचा स्टँड उचलला आणि जिथे बाटली अडकवतात तिथे माईक उलटा टांगला. 'प' आणि 'फ' म्हणताना माईकवर फुंकर बसते, म्हणून मोनिकाच्या कशिद्याच्या रिंगवर पायमोजा ताणून तो समोर बांधला. पायमोजा धुतलेला होता, एवढी काळजी त्याने घेतली.

सगळं झालं आणि हौदाने हिसका दाखवला. एक शब्द बोलला की भिंतींवरून चार परत यायचे. कोणीतरी अंड्यांचे ट्रे लाव म्हणून सांगितलं. सत्यमने हॉटेल-हॉटेल फिरून ट्रे आणले आणि चिकटवले. आवाज तसाच राहिला, वर अंड्यांचा वास आला. शेवटी तो आईच्या ट्रंकेकडे वळला.

"माझ्या आईनं शिवलेली गोधडी हाय ती," द्वारकाबाई म्हणाल्या. "हौदाला काय थंडी वाजायलीय का?"

"आई, आवाज गिळायला जाड कापड लागतं."

"मोप गिळतो तुझा हौद. आधी पाणी गिळलं, आता गोधड्या."

बोलल्या, पण गोधड्या त्यांनीच काढून दिल्या आणि कुठली कुठे टांगायची तेही वर उभं राहून सांगितलं. चारी भिंतींना गोधड्या लागल्या, खाली गादी आली, झाकणाच्या आतल्या बाजूला जुनं ब्लँकेट. आणि खरोखर आवाज बसला. मोनिकाने खाली उभं राहून नुसतं 'हं' म्हटलं, ते सत्यमला वर खोलीत, एका कानाच्या हेडफोनमध्ये, तिने कुशीत तोंड घालून म्हटल्यासारखं ऐकू आलं. तो बाहेर येऊन हौदाच्या काठावर बसला आणि खाली तिच्याकडे बघत राहिला. मोनिकाला त्या दिवशी फार सुख झालं.

समोरच्या घरातली कडूबाई रोज हे बघत होती. तीही वैजापूरकडची, म्हणून मोनिका तिला मावशी म्हणायची. मुलगा मोतीराम रिक्षा चालवायचा, सून धुणीभांड्याला जायची, आणि घरचं पाणी भरायचं काम म्हातारीचं. तिच्याकडे पितळेचा एक जुना हंडा होता, लग्नातला, गळ्याशी तिचं नाव कोरलेला. प्लास्टिकच्या ड्रमांच्या रांगेत तो एकटाच पिवळा दिसायचा. हौदाच्या काठावर बसून कडूबाईने मोनिकाचं गाणं सगळ्यांच्या आधी ऐकलं.

"या गं सयांनो, अंगणी या,
सावली पडली, बसून घ्या."

पुढे त्यात एकेका सईचं नाव घेऊन तिचं काय दुखतं ते विचारलेलं होतं. फार काही नव्हतं त्या गाण्यात. पण मोनिका 'बसून घ्या' असं म्हणायची तेव्हा ऐकणाऱ्याला खरंच बसावंसं वाटायचं.

"माझं नाव घाल की त्याच्यात," कडूबाई म्हणाली.

"घालते मावशी."

"आणि माझ्या कानात जीव हाय तवर भोंग्यावर वाजव, म्हंजे झालं."

गाणं अर्धं रेकॉर्ड झालं आणि अर्धंच राहिलं, कारण स्टुडिओला गिऱ्हाईक पाहिजे होतं. वाढदिवसाची गाणी करू, प्रचाराची गाणी करू, असे बेत होते. एक भजनी मंडळ आलं, हौदात डोकावलं आणि 'समाधीत बसून भजन नाही करत आम्ही' असं म्हणून निघून गेलं. एका पुढाऱ्याचा माणूस आला, त्याला शिडी उतरता येईना. मग एक दिवस सर्जेराव आला.

सर्जेराव म्हणजे टँकरचा ठेकेदार. पांढरे कपडे, बोलणं लोण्यासारखं. टँकर कधी, कोणत्या गल्लीत, हे सांगत त्याची रिक्षा भोंगा लावून फिरायची, आणि तिच्यात बसलेला माणूस ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा. लोक त्याला शिव्या द्यायचे, दगडही मारायचे.

"बाईचा आवाज पाहिजे," सर्जेराव म्हणाला. "गोड. बाईच्या आवाजावर दगड मारत नाय कोणी. वहिनी, तुम्ही म्हणून दाखवा बरं."

मोनिकाने सत्यमकडे बघितलं. सत्यमने खाली बघितलं. घरात रोजची भाजी कशी येत होती हे दोघांनाही माहीत होतं.

"आधी हे करू," तो रात्रीच्या जेवणाला म्हणाला. "चार कामं झाली की नवा माईक घेऊ आणि तुझं गाणं चांगलं करू. स्टुडिओ तुझ्यासाठीच हाय."

तर मोनिका हौदात उतरली आणि म्हणाली, "नागरिकांनी लक्ष द्यावे. उद्या सकाळी आपल्या गल्लीत पाण्याचा टँकर येणार आहे. एका घराला एकच ड्रम. कृपया भांडण करू नये." सत्यमने वरून सांगितलं, हसून बोल, हसून बोललं की आवाजात गोडी उतरते. काळोखात, गोधड्यांच्या मध्ये, सलाईनच्या स्टँडसमोर उभी राहून ती एकटीच हसली आणि पुन्हा म्हणाली, एका घराला एकच ड्रम.

भोंग्यावर तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा ती भांडी घासत होती, तशीच राखेच्या हातांनी दारात आली. गाणं नव्हतं ते, पण आवाज तिचा होता आणि चार गल्ल्या पलीकडे जात होता. खोटं कशाला, तिचे डोळे भरून आले. समोर कडूबाईने हंडा उचलला आणि तिच्याकडे बघून मान डोलावली. त्या दिवशी टँकर वेळेवर आला, भांडण झालं नाही, आणि सर्जेरावाने मिठाई पाठवली.

मग रोजचं सुरू झालं. आज ही गल्ली, उद्या ती, आज मंगळवार, उद्या बुधवार. उन्हाळा चढला तसा हौद तापायला लागला. झाकण लावल्याशिवाय आवाज स्वच्छ येत नव्हता आणि झाकण लावलं की आत वारा नव्हता. एका दुपारी मोनिका 'बुधवारी' म्हणता म्हणता खाली बसली. सत्यमने तिला शिडीवरून ओढून वर काढलं, वाटीभर पाणी तिच्या तोंडावर मारलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने एक युक्ती काढली. युक्ती प्रेमातूनच आली होती, म्हणून तर तिचं एवढं वाईट वाटतं.

"सगळं एकदाच म्हणून टाक," तो म्हणाला. "सगळे वार. सगळ्या गल्ल्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. टँकर येणार आहे, टँकर येणार नाही. मी तुकडे करून ठेवतो. मग रोज उतरायची गरज नाय, मी जोडून देत जाईन."

तिने म्हटलं. वार म्हटले, गल्ल्या म्हटल्या, दर वेळी हसून. सत्यमने एकेक शब्द कापून वेगळा ठेवला. पुढे जोडायचं कामही फार व्हायला लागलं, तेव्हा सर्जेरावच्या रिक्षावाल्याला त्याने मोबाईलवर जोडायला शिकवलं आणि सगळे तुकडे त्याला देऊन टाकले. मोनिका सुटली. तिचा आवाज तिच्याशिवाय कामाला जायला लागला.

इकडे तिचं बाहेर बोलणं अवघड होत चाललं. भाजीवाल्याला 'पाव किलो वांगी' म्हटलं की तो काटा हातात तसाच धरून विचारायचा, "ताई, तुम्ही टँकरवाल्या ना? आमच्या गल्लीत कधी?" पोरं तिची नक्कल करायची, एका घराला एकच ड्रम. टँकर उशिरा आला की बायका तिच्या दाराशी यायच्या. "आवाज मोठा गोड काढतीस, पाणी कुठं हाय?" असं एकीने तोंडावर विचारलं. मोनिका मग बाहेर हळू बोलायला लागली, पुढे बोटाने दाखवून सामान घ्यायला लागली. घरातही तिने गुणगुणणं सोडलं. द्वारकाबाईंच्या ते लक्षात आलं होतं, पण घरात दाणे येत होते, म्हणून त्याही गप्प राहिल्या. अर्धं गाणं कॉम्प्युटरमध्ये पडून होतं. सत्यम दर आठवड्याला म्हणायचा, पुढच्या आठवड्यात नक्की.

मे महिन्यातल्या एका सकाळी रिक्षा आली. "आज सकाळी आपल्या गल्लीत पाण्याचा टँकर येणार आहे." मोनिकाने ते ऐकलं आणि तिनेही ड्रम बाहेर काढला. आपण हे आज म्हटलेलं नाही, हे तिला माहीत होतं. पण रोजच असं चालायचं, आणि इतक्या खात्रीने सांगणाऱ्या आवाजावर अविश्वास ठेवावा असं तिला सुचलं नाही.

रांग लागली. ऊन वर आलं. ड्रमांच्या सावल्या आखडत आखडत ड्रमांच्या बुडाशी गेल्या. सत्यमने सर्जेरावला फोन केला. "वाटेतच हाय," सर्जेराव म्हणाला. नंतर कळलं की टँकर वाटेत कुठेच नव्हता. तो बायपासपलीकडच्या एका बांधकामावर कधीच रिकामा झाला होता. टँकर नसतानाही रिक्षा फिरवायची हे सर्जेरावचं नेहमीचंच झालं होतं. लोक रांगेत असले की ऑफिसवर मोर्चा आणत नाहीत, एवढा साधा हिशोब.

दुपारपर्यंत बायका कुरकुरत घरात गेल्या, ड्रम जागेवर ठेवून. कडूबाई गेली नाही. हंडा पितळेचा, उघड्यावर टाकून गेलं तर कोणी उचलेल, ही एक भीती. आणि दुसरं कारण तिनेच सांगितलं. मोनिका तिला न्यायला गेली तेव्हा म्हातारी भिंतीला टेकून, डोक्यावर पदर ओढून बसली होती. भिंतीला सावली नव्हती.

"मावशी, घरात चला. टँकर येईल असं वाटत नाही."

"येतंय की. तूच तर म्हणलीस."

"मी नाही म्हटलं ते."

"मग कोण म्हणलं?" कडूबाई हसली. तिचे ओठ कोरडे ठाक पडले होते. "मला काय तुझा आवाज कळत नाय व्हय?"

मोनिकाने तिला तुकड्यांचं समजावून सांगायचा प्रयत्न केला. शब्द आधीच म्हटलेले असतात, नंतर कोणीतरी जोडतं. सांगता सांगता तिला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. कडूबाई ऐकत होती, मान हलवत होती, उठत नव्हती. मोनिका घरात पाणी आणायला वळली, ड्रमाच्या तळाशी तांब्या बुडेना म्हणून वाटीने काढत बसली, आणि बाहेर आली तेव्हा कडूबाई हंड्यावर आडवी पडली होती. मोतीरामला फोन गेला, त्याचीच रिक्षा आली, त्याच रिक्षातून तिला नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत म्हातारी संपली होती.

कोणीही मोनिकाला दोष दिला नाही. तिने तो मागून घेतला असता तरी दिला नसता. मोतीराम म्हणाला, "ताई, तुमचं काय चुकलं. ऊनच तसं होतं." त्याची बायको तिच्या गळ्यात पडून रडली. आणि ती रडत असतानाच गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आली. "नागरिकांनी लक्ष द्यावे," हसऱ्या, गोड आवाजात. घरात बसलेल्या बायकांपैकी निम्म्या उठल्या, मग ओशाळून पुन्हा बसल्या. मोनिकाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, जणू बोलणं तिथूनच येत होतं.

"बंद करा ते," ती घरी आल्यावर सत्यमला म्हणाली. लग्नापासून पहिल्यांदा ती त्याच्यावर ओरडली. "माझा आवाज हाय तो. मला परत आणून द्या."

सत्यम सर्जेरावकडे गेला. परत आला तेव्हा बराच वेळ चपलाच काढीत बसला.

"काय म्हणले?"

"म्हणले, थांबा की. नवीन काही रेकॉर्ड करू नका. जेवढं हाय तेवढं पुरतंय." तो खाली बघत म्हणाला, "सगळे वार हायेत त्यांच्याकडं. मीच दिलेत."

त्याला रडू फुटलं. मोनिकाने त्याची समजूत काढली नाही. तिला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि त्या दोन्हींतून काही करायला हात मोकळा राहिला नव्हता. ती उठून हौदापाशी गेली, झाकण सरकवलं आणि आत उतरली. वर कडक ऊन होतं, आत गोधड्या भट्टीसारख्या तापल्या होत्या. "लावा," ती खालून म्हणाली. "गाणं पुरं करते."

तिने ते पुरं केलं. कडूबाईचं नाव शेवटच्या कडव्यात घातलं, कडूबाईला विचारलं, तुझं काय दुखतं गं, आणि सांगितलं, सावली पडली, बसून घे. मध्ये एकदा आवाज चिरकला. सत्यमने पुन्हा घेऊ म्हटलं, ती नको म्हणाली. या वेळी कापायचं नाही, जोडायचं नाही, जसं आहे तसं ठेवायचं. आपला एवढाच आवाज अखंड राहिला आहे, असं तिला वाटत होतं. हा लोकांनी एकदा ऐकला की तो दुसरा पुसला जाईल, पाण्याची बाई वेगळी आणि आपण वेगळ्या हे त्यांना कळेल, अशी तिने मनाशी आशा धरली.

मोतीरामने आपणहून विचारलं. "तेराव्याला वाजवा ताई. आईला लई हौस होती. भजनासाठी भोंगा आणलेलाच हाय."

तेराव्याला मोतीरामच्या दारात मांडव पडला. पाण्याची टंचाई म्हणून गोडजेवण मोजक्याच माणसांचं होतं, आत सून पुरण वाटत होती. भोंगा विजेच्या खांबाला बांधला होता, तोंड गल्लीकडे. भजन झालं, टाळ खाली ठेवले गेले. कडूबाईच्या फोटोला हार घातला. सत्यमने वायर जोडली आणि मोनिकाकडे बघितलं. ती मांडवाच्या कडेला उभी होती, लग्नातली साडी नेसून. लग्नाआधीचा शब्द आज पुरा होत होता, आणि जिने गाणं ऐकायचं ती फोटोत होती, तरीही मोनिकाला आनंद झाला. तो लपवावा लागतोय याची तिला लाज वाटली.

"या गं सयांनो," भोंग्यातून आवाज आला, "अंगणी या."

पलीकडच्या घराचं दार उघडलं. एक बाई बादली घेऊन बाहेर आली. तिच्यामागे दुसरी, कडेवर पोर आणि हातात कळशी. मागच्या गल्लीतून ड्रम गडगडत यायचा आवाज आला. "सावली पडली, बसून घ्या," मोनिका भोंग्यातून म्हणत होती, आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांनी बायका धावत येत होत्या, जागा धरत होत्या, एकमेकींना ढकलून ड्रम पुढे ठेवत होत्या. त्यांना शब्द नको होते, आवाज पुरे होता. गाणं चालू आहे हे थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्या गप्प झाल्या. कुणी हसलं नाही, कुणी गेलंही नाही. गाणं संपायची वाट बघत सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तशा. मोनिकाने जन्मभर मागितलं होतं ते हेच, लोकांनी थांबून ऐकावं.

द्वारकाबाई घरातून कळशी घेऊन आल्या. सुनेला बघून अर्ध्या वाटेत थबकल्या, कळशी पदराआड घेतली, आणि तिथेच उभ्या राहिल्या.

शेवटचं कडवं झालं. कडूबाईचं नाव आलं आणि गेलं. भोंग्यात जरा खरखर राहिली, मग तीही थांबली.

"गाणं चांगलं हाय," रांगेतली एक बाई अदबीने म्हणाली. "आता सांगा ताई, कोणत्या गल्लीत यायलाय?"

"टँकर नाही," मोनिका म्हणाली. "नुसतं गाणं होतं."

बाईने तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि मान वर करून भोंग्याकडे बघत राहिली. बाकीच्याही तिकडेच बघत होत्या. मोनिकाने पुन्हा सांगितलं, मोठ्याने सांगितलं. कोणी ड्रम उचलला नाही. तेवढ्यात घरातून मोतीरामची बायको आली, पुरणाचे हात तसेच घेऊन, आणि रांगेच्या टोकाला तिने सासूचं नाव कोरलेला हंडा ठेवला.